होस्टवर मेमरी शिल्लक दिसत असतानाही व्हीएम रात्रीत बंद पडते: कारणे आणि उपाय

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीत नव्या हळदीची आवक वाढली की एक तक्रार हमखास उद्भवते आणि उन्हाळा सरता सरता ती आपोआप नाहीशी होते. सकाळी दिवाणजी कामाला बसतात तेव्हा हिशेबाचा डेटाबेस ज्या व्हर्च्युअल मशीनवर (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकावर, थोडक्यात व्हीएमवर) चालतो ती बंद पडलेली असते. त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या व्हीएम मात्र सुरळीत चालू असतात. बंद पडलेली व्हीएम पुन्हा सुरू केली की पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर अर्धवट राहिलेल्या नोंदी जुळवून घेते, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या छापल्या जाऊ लागतात आणि पुढचे काही दिवस काहीच घडत नाही. मग एके सकाळी पुन्हा तेच. हंगाम संपला की तक्रारही संपत असल्यामुळे "हंगामात सॉफ्टवेअरला लोड झेपत नाही" असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या हंगामापर्यंत तो कोणी तपासून पाहत नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष सॉफ्टवेअरचा नाही आणि त्या व्हीएमचाही नाही. होस्टचे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरचे, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि व्हीएमच्या आतले कर्नल हे दोघेही एकाच रॅमचा हिशेब ठेवतात, पण एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही, आणि त्यातून हा प्रकार घडतो. पुढील विवेचन लिनक्स, केव्हीएम आणि लिबव्हर्ट अशा मांडणीसाठी आहे. केव्हीएम हा लिनक्स कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग, क्यूईएमयू ही प्रत्येक व्हीएमसाठी होस्टवर चालणारी प्रक्रिया, आणि लिबव्हर्ट हे त्यांचे व्यवस्थापन करणारे साधन. प्रॉक्समॉक्स ही केव्हीएमवरच उभी असलेली तयार प्रणाली वापरणाऱ्यांनाही त्यातले बहुतेक लागू पडेल, आणि जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

मांडणी अशी आहे. गणपती पेठेतील जुन्या जागेत तळमजल्यावर असलेले संगणक २०१९ च्या पुरात निकामी झाल्यानंतर पेढीने सगळी कामे वरच्या मजल्यावरच्या एकाच सर्व्हरवर आणली. सर्व्हरला ६४ जीबी रॅम आणि १२ धागे (समांतर कामे) चालवणारा प्रोसेसर आहे. स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर तात्पुरता हलवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा, ठेवलेला नाही. डेटाबेसच्या लिनक्स व्हीएमला २० जीबी, कारकुनांच्या रिमोट डेस्कटॉपसाठी विंडोज व्हीएमला १६ जीबी, फाइल सर्व्हरला १२ जीबी आणि जुन्या वर्षांचा हिशेब पाहण्यापुरत्या ठेवलेल्या व्हीएमला ६ जीबी, अशी एकूण ५४ जीबी वाटून दिलेली आहे. कागदावर १० जीबी उरतात आणि व्यवहार चोख वाटतो. रात्री व्हीएमच्या डिस्क फाइलींची प्रत घेऊन ती एक्सझेड या प्रोग्रॅमने दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवली जाते. हा रात्रीचा बॅकअप लक्षात ठेवावा.

प्रथम ठरवावे: व्हीएम कोणी बंद केली?

बहुतेकजण शोध बंद पडलेल्या व्हीएमच्या आतून सुरू करतात. तिथे काहीही सापडत नाही, आणि काहीही न सापडणे हाच पहिला पुरावा असतो. आतल्या कर्नलला मेमरी कमी पडली असती तर त्याने आपल्या नोंदीत तसे लिहिले असते आणि आतली एखादी प्रक्रिया मारून स्वतः चालू राहिले असते. इथे मात्र आतल्या नोंदी एखाद्या सामान्य ओळीवर तुटतात, जणू कोणी वीजच काढून घेतली. नंतरची पहिली ओळ थेट सकाळच्या सुरुवातीची असते.

म्हणून शोध होस्टवर घ्यावा. लिबव्हर्ट प्रत्येक व्हीएमसाठी स्वतंत्र नोंदफाइल ठेवतो. ती व्हार, लॉग, लिबव्हर्ट, क्यूईएमयू अशा निर्देशिकांच्या ओळीत शेवटी असते. तिच्या अखेरीस "शटिंग डाउन" या शब्दांपुढे कारण दिलेले असते. तिथे "शटडाउन" असेल तर व्हीएम आतून रीतसर बंद झाली, "डिस्ट्रॉइड" असेल तर बाहेरून कोणी तरी आदेश देऊन ती बंद केली, आणि "क्रॅश्ड" असेल तर क्यूईएमयूची प्रक्रिया लिबव्हर्टला न विचारता संपली. या पेढीत तिसरे कारण नोंदलेले आढळते. त्यानंतर जर्नलसीटीएल हा नोंदी दाखवणारा आदेश फक्त कर्नलच्या नोंदी दाखवण्याच्या पर्यायासह चालवून त्याच वेळेच्या आसपास "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" ही ओळ शोधावी. तिच्यात क्यूईएमयूचे नाव असेल तर मारेकरी होस्टचेच कर्नल आहे हे निश्चित झाले. ती ओळ नसेल तर सिस्टमडी-ओओएमडी या सेवेच्या नोंदीही पाहाव्यात, कारण काही वितरणांत ही सेवा मेमरीचा ताण मोजून कर्नलच्या आधीच प्रक्रिया बंद करते.

कर्नलच्या त्याच अहवालात "कन्स्ट्रेंट" अशी एक नोंद असते आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पुढची सगळी दिशा मात्र तिच्यावरूनच ठरते. तिथे "नन" असेल तर संपूर्ण होस्टची मेमरी संपली होती. "मेमसीजी" असेल तर होस्टमध्ये मेमरी होती, पण त्या प्रक्रियेच्या गटाला घालून दिलेली मर्यादा ओलांडली गेली. अशा वेळी रॅम वाढवून काहीही साधत नाही, मर्यादाच तपासावी लागते. "मेमरी पॉलिसी" किंवा "सीपीयूसेट" असेल तर बहुधा दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर व्हीएम एका न्यूमा नोडला (एका प्रोसेसरशी जोडलेल्या रॅमच्या भागाला) बांधलेली आहे आणि तो नोड भरला आहे, दुसरा रिकामा असला तरी. पेढीच्या सर्व्हरवर "नन" आहे.

याच अहवालात त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियांचा तक्ताही असतो. तो वाचताना एक दक्षता घ्यावी: तक्त्यातील आरएसएसचे (प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचे) आकडे पानांत, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत, असतात आणि एक पान ४ केबीचे असते, तर "किल्ड प्रोसेस" या ओळीतील आकडे केबीत असतात. पानांचे आकडे केबी समजून वाचले की सगळ्या प्रक्रियांची बेरीज चौथाई भरते, आणि मग मेमरी गेली कुठे या प्रश्नावर लोक व्यर्थ वेळ घालवतात. आकडे चारने गुणून बेरीज केली की चित्र स्पष्ट होते. चार क्यूईएमयू आपापल्या जागी आहेत, आणि त्यांच्याखाली काही जीबी व्यापून बसलेली एक्सझेडची प्रक्रिया आहे.

मारली जाते ती दोषीच असते असे नाही

मेमरी पूर्ण संपली की कर्नल बळी निवडते तो अपराध पाहून नव्हे. प्रत्येक प्रक्रियेने व्यापलेली प्रत्यक्ष मेमरी, तिची स्वॅपमधली पाने आणि तिचे पेज टेबल (पानांच्या पत्त्यांचे तक्ते) यांची बेरीज करून सर्वांत मोठी भरेल ती निवडली जाते, कारण एक प्रक्रिया मारून जास्तीत जास्त जागा मोकळी व्हावी हा हेतू असतो. होस्टच्या दृष्टीने व्हीएम ही एक साधी प्रक्रियाच असते; २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम आले तेव्हापासून त्याची रचनाच तशी आहे. साहजिकच २० जीबीची डेटाबेस व्हीएम दर वेळी पहिली ठरते आणि शेवटचा घास घेणारी एक्सझेड सुटून जाते.

पुढचा भाग अधिक फसवा आहे. व्हीएम मारली जाताच २० जीबी मोकळे होतात, बॅकअप निर्वेधपणे पूर्ण होतो आणि "बॅकअप यशस्वी" असा संदेश सकाळी मालकांच्या फोनवर असतो. त्या संदेशामुळे बॅकअपवर कोणाचा संशयच जात नाही. व्हीएम पुन्हा सुरू केल्यावर ती आपले २० जीबी लगेच व्यापत नाही, त्यामुळे पुढचे काही दिवस बॅकअपला पुरेशी जागा मिळते. तक्रार ठरावीक अंतराने परतते ती यामुळेच. "रीस्टार्ट केले की बरे होते" हा अनुभव खरा असतो, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा असतो.

मेमरी शिल्लक का दिसते?

व्हीएमला २० जीबी दिले म्हणजे होस्टने तेवढी रॅम तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली असे नसते. क्यूईएमयू फक्त २० जीबींचा पत्ता-प्रदेश मागून घेते. प्रत्यक्ष पान मिळते ते व्हीएमच्या आतून त्या पानाला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा. होस्टवर ट्रान्स्परंट ह्यूज पेज (मोठी पाने देण्याची सोय) चालू असेल तर एका छोट्या स्पर्शाने २ एमबीचा तुकडाही मिळू शकतो. इंटेलच्या ईपीटी आणि एएमडीच्या एनपीटी या सोयी आल्यापासून पत्त्यांचे दुहेरी भाषांतर प्रोसेसरच करतो, त्यामुळे आत काय चालले आहे हे पाहण्याची होस्टला फारशी संधीही मिळत नाही. एखादे पान प्रथम मागितले गेले एवढेच त्याला कळते. आतल्या कर्नलने ते नंतर मोकळे केले तर ती बातमी बाहेर येत नाही. गोदाम भाड्याने घेतलेल्या व्यापाऱ्याने माल विकून पोती उचलली, पण कुलूप आपलेच ठेवले, तर मालकाला ते गोदाम भरलेलेच समजून चालावे लागते, तशी ही अवस्था आहे.

त्यात लिनक्सचे कर्नल, मग ते आतले असो वा बाहेरचे, रिकामी मेमरी वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून वाचलेले जे काही असेल ते पेज कॅश म्हणून धरून ठेवते. हिशेबाच्या डेटाबेसमध्ये हंगामात दिवसभर सौदे, वजने, तोलाई, हमाली यांच्या नोंदी होतात, जुनी खाती उघडली जातात, अहवाल काढले जातात, आणि प्रत्येक वाचनागणिक आतली पेज कॅश वाढत जाते. डेटाबेसचे स्वतःचे काम ५-६ जीबीत भागत असले तरी काही दिवसांत सगळ्या २० जीबींना स्पर्श होऊन जातो. बिगरहंगामात वाचन थोडे असते, त्यामुळे भरणे मंद असते आणि एकूण बेरीज धोक्याच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. तक्रारीचा हळदीशी संबंध आहे तो इतकाच. विंडोजचा प्रकार आणखी निराळा आहे: मोकळी पाने शून्यांनी भरून ठेवण्याच्या तिच्या रीतीमुळे तिला दिलेली बहुतेक मेमरी सुरुवातीलाच होस्टच्या खात्यावर चढलेली दिसू शकते, मग आत कोणी काम करत असो वा नसो.

आता बेरीज करावी. पूर्ण भरल्यावर व्हीएमचे ५४ जीबी. प्रत्येक क्यूईएमयूला व्हीएमच्या रॅमव्यतिरिक्त स्वतःसाठीही काही मेमरी लागते, चौघींचे मिळून दीड जीबी धरावे. होस्टचे कर्नल आणि किरकोळ सेवा अडीच जीबी. झाले ५८, उरले ६. एक्सझेडच्या सर्वांत वरच्या म्हणजे ९ क्रमांकाच्या पातळीवर एका धाग्याने दाबायला सुमारे ६७४ एमबी लागतात असे तिच्या माहितीपानातच दिलेले आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सगळे १२ धागे वापरण्याची सूचना असेल तर ८ जीबींच्या आसपास आकडा जातो, आणि धाग्यांसाठीचे तात्पुरते साठे धरले तर त्याहूनही वर. सहात आठ मावत नाहीत. एवढेच घडते.

होस्टवर झेडएफएस ही फाइल प्रणाली असेल तर या बेरजेत आणखी एक मोठी रक्कम येते. तिची एआरसी ही कॅश अनेक आवृत्त्यांत मूळ ठरावानुसार निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते, आणि मेमरी उपलब्ध किती हे दाखवणाऱ्या आकड्यात ती मोकळी करण्याजोगी म्हणून धरलेली नसते. ताण आल्यावर ती आकसते खरी, पण नेहमी वेळेत आकसतेच असे नाही. तिची कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्यावी.

मोजून खात्री करून घेणे

वरचे तर्क आपल्या सर्व्हरला लागू आहेत का, हे व्हर्श या लिबव्हर्टच्या साधनातील डॉममेमस्टॅट या आदेशाने कळते. तो केबीत आकडे देतो. त्यातील "आरएसएस" हा होस्टने त्या व्हीएमसाठी प्रत्यक्ष खर्च केलेल्या मेमरीचा आकडा आहे, "अव्हेलेबल" हा आतल्या कर्नलला एकूण दिसणाऱ्या मेमरीचा, आणि "यूजेबल" हा आत सहज मोकळी होऊ शकणाऱ्या मेमरीचा. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ पोहोचलेला असेल आणि तिसराही भरघोस असेल, तर आत गरज नसलेली मेमरी व्हीएम अडवून बसली आहे असा अर्थ होतो. आतले आकडे बलून ड्रायव्हरमार्फत, म्हणजे व्हीएमच्या आत बसून होस्टशी मेमरीची देवघेव करणाऱ्या ड्रायव्हरमार्फत, येतात. म्हणून विंडोजमध्ये व्हर्टिओचा बलून ड्रायव्हर आणि त्याची सेवा बसवलेली असणे आवश्यक आहे, आणि व्हीएमच्या व्याख्येत आकडेवारीचा कालावधीही द्यावा लागतो, नाहीतर शिळे आकडे मिळतात.

हे मोजमाप व्हीएम नुकतीच सुरू केलेली असताना करू नये. तक्रार आल्यावर माणूस प्रथम रीस्टार्ट करतो आणि मग मोजतो, आणि त्या वेळी फ्री हा आदेश ३० जीबी मोकळे दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून "मेमरी भरपूर आहे" असे ठरवले की पुढचा सगळा शोध चुकीच्या वाटेने जातो.

उपाय, आणि त्यांचा क्रम

पहिला उपाय बॅकअपवर करावा, कारण तो सर्वांत स्वस्त आहे. एक्सझेडची पातळी ९ वरून ६ वर आणली की एका धाग्याची गरज ९४ एमबींच्या घरात येते, आणि डिस्क फाइलींच्या बाबतीत आकारात पडणारा फरक या बचतीच्या मानाने किरकोळ असतो. धाग्यांची संख्याही बांधून द्यावी किंवा एक्सझेडला दाबण्यासाठीची मेमरी मर्यादा कळवावी. पण स्क्रिप्ट उद्या कोणी बदलेल, म्हणून त्यावर न थांबता बॅकअप ही सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा म्हणून चालवावी आणि तिला मेमरीमॅक्स २ जीबी, मेमरीहाय त्याच्या थोडे खाली आणि मेमरीस्वॅपमॅक्स शून्य अशी मर्यादा घालावी. यातून दोन गोष्टी साधतात. बॅकअपने मर्यादा ओलांडली तर त्याच गटातली प्रक्रिया मारली जाते, व्हीएमला धक्का लागत नाही. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये (प्रक्रियांच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीत) फाइली वाचताना आणि लिहिताना तयार होणारी पेज कॅशही त्याच गटाच्या नावावर पडते, त्यामुळे मंद यूएसबी डिस्कवर लिहायची राहिलेली पाने साऱ्या होस्टभर साचत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे वाटप खरे करणे. लहान कार्यालयात, जिथे चार व्हीएम आहेत आणि चारही एकाच वेळी कामात येतात, तिथे मेमरी क्षमतेबाहेर वाटू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेकडो व्हीएम असलेल्या ठिकाणी सगळ्यांची गरज एकदम वाढत नाही या भरवशावर जास्तीचे वाटप खपून जाते. पेढीत मात्र सौदे सुरू झाले की सगळ्यांची गरज एकाच वेळी वाढते. ज्या डेटाबेसला आत ६ जीबी लागतात त्याला पेज कॅशसकट १४ जीबी पुष्कळ झाले, आणि फाइल सर्व्हरला ६. एवढ्याने १२ जीबी होस्टकडे परत येतात. जुन्या वर्षांची व्हीएम तर रोज चालू ठेवण्याचे कारणच नाही.

तिसरा उपाय डिस्कच्या कॅशचा. व्हीएमच्या व्याख्येत डिस्कसाठी कॅशची रीत लिहिलेली नसेल तर क्यूईएमयू राइटबॅक गृहीत धरते, म्हणजे तीच फाइल एकदा व्हीएमच्या पेज कॅशमध्ये आणि पुन्हा होस्टच्या पेज कॅशमध्ये बसते. ही दुहेरी साठवण टाळण्यासाठी तिथे "नन" लिहावे. प्रॉक्समॉक्समध्ये मूळ ठरावच असा आहे.

चौथा उपाय फ्री पेज रिपोर्टिंग हा आहे, आणि वर सांगितलेल्या कुलपाच्या अडचणीवर तोच थेट उतारा आहे. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.७ आवृत्तीत आलेल्या या सोयीमुळे आतले कर्नल मोकळ्या पानांचे मोठे तुकडे स्वतःहून होस्टला कळवते आणि होस्ट ते परत घेतो. त्यासाठी क्यूईएमयू ५.१ किंवा पुढची हवी आणि लिबव्हर्टच्या व्याख्येत बलूनच्या उपकरणावर ही सोय चालू करावी लागते. मर्यादा इतकीच की ती खरोखर मोकळ्या झालेल्या पानांनाच लागू होते. आतल्या पेज कॅशने धरलेली पाने मोकळी मानली जात नाहीत. म्हणून मासिक अहवालासारख्या कामात अल्पकाळ वाढून उतरणाऱ्या मेमरीसाठी ती उत्तम आहे, पण वाटप आटोक्यात आणण्याला ती पर्याय होऊ शकत नाही.

यानंतर होस्टला थोडा स्वॅप द्यावा. ४ ते ८ जीबी पुरेसा आहे. स्वॅप नसताना कर्नलला क्यूईएमयूची न वापरली जाणारी पानेही बाहेर काढता येत नाहीत, आणि पेज कॅश संपली की थेट प्रक्रिया मारण्याची पाळी येते. आणि मारायचेच झाले तर कोणाला, हेही आपण ठरवून ठेवू शकतो. प्रत्येक प्रक्रियेला ओओएम-स्कोअर-ॲडजस्ट या नावाने उणे १००० ते अधिक १००० असा आकडा देता येतो; त्यातला एक एकक म्हणजे रॅम आणि स्वॅप मिळून होणाऱ्या बेरजेचा हजारावा भाग. डेटाबेसच्या क्यूईएमयूला उणे ३०० दिले तर या सर्व्हरवर तिला सुमारे २० जीबींची सूट मिळते. व्हीएम दर वेळी नव्या प्रक्रियेत सुरू होत असल्यामुळे हा आकडा लिबव्हर्टच्या हुक स्क्रिप्टमधून (व्हीएम सुरू होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) लावावा. उणे १००० मात्र देऊ नये, कारण मग ती व्हीएम वगळून बाकी सगळे मारले जाऊ शकते.

स्वॅप दिल्यावर तक्रारीचे रूप बदलू शकते हे आधीच सांगणे बरे. व्हीएम बंद पडण्याऐवजी अडखळू लागते: आतून पाहावे तर प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, आतल्या स्वॅपचा वापर शून्य, आणि तरीही एक खाते उघडायला मिनिट लागते. आतल्या कर्नलला जे पान रॅममध्ये आहे असे वाटते ते होस्टने डिस्कवर काढून ठेवलेले असते, आणि ते परत येईपर्यंत व्हीएमचा तो प्रोसेसरच थांबून राहू शकतो. आतल्या नोंदीत "सॉफ्ट लॉकअप" अशी ओळ दिसते आणि शोध प्रोसेसरच्या दिशेने भरकटतो. अशा वेळी होस्टवर व्हीएमस्टॅट चालवून स्वॅपमधून आत येणाऱ्या पानांचा स्तंभ पाहावा, आणि प्रॉकमधील त्या क्यूईएमयूच्या स्टेटस फाइलीत व्हीएमस्वॅपचा आकडा पाहावा. स्वॅपमध्ये पाने पडून असणे हा दोष नाही. ती सतत ये-जा करत असतील तर दोष आहे.

जे उपाय सुचवले जातात पण करू नयेत

व्हीएमवर लिबव्हर्टची हार्ड लिमिट घालावी असे सुचवले जाते. लिबव्हर्टच्या स्वतःच्या दस्तऐवजातच क्यूईएमयू वापरणाऱ्यांना ती न घालण्याचा स्पष्ट सल्ला आहे, कारण क्यूईएमयूला वरखर्च किती लागेल याचा नेमका अंदाज करता येत नाही आणि तो कमी पडला तर कर्नल व्हीएमच मारते. मग अहवालात "मेमसीजी" दिसू लागते, एवढाच फरक पडतो.

"बलून आहे, तो सांभाळून घेईल" हा दुसरा समज. बलूनची कल्पना चांगली आहे; २००२ मध्ये कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरसंदर्भात ती सविस्तर मांडली. व्हीएमच्या आतला ड्रायव्हर पाने मागून घेतो आणि ती होस्टला परत देतो, म्हणजे कोणती पाने सोडायची हे आतले कर्नलच ठरवते. पण लिबव्हर्टमध्ये हा बलून आपोआप फुगत नाही. कोणी तरी सेटमेमचा आदेश द्यावा लागतो. प्रॉक्समॉक्स होस्टचा वापर ८० टक्क्यांवर गेला की आपण होऊन बलून फुगवतो, मात्र एक्सझेडसारखी प्रक्रिया काही सेकंदांत जागा व्यापते तेव्हा तेही पुरे पडेलच असे नाही. व्हीएमला एखादे पीसीआय उपकरण थेट दिलेले असेल तर तिची सगळी मेमरी जागेवर खिळलेली असते. तिथे बलूनचा आणि होस्टच्या स्वॅपचा काहीच उपयोग नाही.

केएसएम, म्हणजे वेगवेगळ्या व्हीएममधील एकसारखी पाने एकत्र करणारी सोय, २००९ पासून लिनक्समध्ये आहे. एकाच छापाच्या अनेक विंडोज व्हीएम असतील तर ती पुष्कळ वाचवते. पेढीच्या चार वेगवेगळ्या व्हीएममध्ये ती प्रोसेसर खर्ची घालून थोडेच देते, आणि तिने वाचवलेल्या मेमरीवर विसंबून वाटप केले तर तो आधार नेमका नको त्या वेळी जातो: जोडलेल्या पानावर कोणी लिहिताच ते पुन्हा वेगळे करावे लागते आणि मागणी एकदम उसळते. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सेवेतून) होस्टची पेज कॅश रिकामी करण्याचाही उपाय आढळतो. कर्नल गरजेच्या वेळी ती कॅश स्वतःच सोडते, आणि क्यूईएमयूने व्यापलेले एकही पान त्या आदेशाने मोकळे होत नाही.

बदल केल्यावर हंगामाची वाट पाहत बसू नये. आवक सुरू होण्यापूर्वी, जानेवारीतच, परीक्षा घ्यावी. प्रत्येक लिनक्स व्हीएममध्ये मोठ्या फाइली नुसत्या वाचून घेऊन तिची पेज कॅश काठोकाठ भरावी, डॉममेमस्टॅटमधील आरएसएस वाटपाच्या आकड्याजवळ गेल्याची खात्री करावी, आणि मग बॅकअप हाताने सुरू करावा. त्या वेळी होस्टवरील प्रॉक, प्रेशर, मेमरी ही फाइल पाहत राहावी. २०१८ अखेरीस लिनक्स ४.२० मध्ये आलेली ही फाइल मेमरीसाठी प्रक्रिया किती टक्के वेळ खोळंबल्या हे गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीने सांगते. ही मोजणी साऱ्या होस्टची असल्यामुळे मर्यादेला टेकलेला बॅकअपही तिच्यात थोडी भर घालतो. म्हणून आकडा शून्यावरून हलला तर मशीन स्लाइस या गटाच्या मेमरी प्रेशर फाइलीत व्हीएमपुरता ताण वेगळा पाहावा, आणि तो शून्याच्या आसपास राहिला तर वाटप योग्य आहे असे समजावे. परीक्षेत बॅकअपच अर्ध्यावर मारला गेला आणि कर्नलच्या अहवालात "मेमसीजी" व एक्सझेडचे नाव आले, तर मर्यादेने आपले काम केले आहे. धागे आणखी कमी करून बॅकअप पुन्हा चालवावा, व्हीएमच्या वाटपाला हात लावण्याची गरज नाही.